सुतारकामाचा क्लास, आर्ट्स अँड क्राफ्ट्स स्टाइल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (नाशिक)

डिसेंबरात क्लास लावला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं होतं कसा आहे सांग, तेव्हा म्हटलं दोन महिन्यांत लिहिते, आता ऑगस्ट संपत आलाय. उशीर झाला ते बरंच झालं, कारण दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर पैसे पाण्यात गेले असं एका ओळीत लिहून मोकळी झाले असते.

मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर ही बारीक मोजायची उपकरणं आणि दोन शतांश मिलिमीटरवरून प्रॉडक्शनवाल्यांशी भांडणं. लाकडाचा अनुभव शून्य, घरातलं सगळं फर्निचर प्लाय आणि सनमायका. क्लासचं नाव इथे टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला अजून तिथे जायचंय. गंगापूर रोडकडे एक पत्र्याची शेड आहे, शनिवारी साडेनऊ ते दीड, सहा महिन्यांची फी २८ हजार, लाकूड वेगळं. हे ‘लाकूड वेगळं’ दोनदा वाचा, मी एकदाच वाचलं होतं.

स्टाइलचं नाव ऐकून मला वाटलेलं क्राफ्ट म्हणजे वारली, बांबू असं काहीतरी असेल. तसं नाहीये. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून नक्षीचा नुसता भास असलेलं स्वस्त सामान धडाधड निघायला लागलं, त्याला वैतागून काही लोक हातकामाकडे वळले. कलासमीक्षक जॉन रस्किन त्यावर लिहायचा, डिझायनर विल्यम मॉरिसने १८६१ मध्ये मित्रांबरोबर कंपनी काढून प्रत्यक्ष वस्तू बनवल्या, आणि आर्ट्स अँड क्राफ्ट्स हे नाव १८८७ मध्ये निघालेल्या प्रदर्शन सोसायटीवरून पडलं. पुढे अमेरिकेत फर्निचर बनवणाऱ्या गुस्ताव्ह स्टिकलीने तेच ओकच्या लाकडात जाडजूड, सरळ रेषांचं करून दाखवलं. नक्षी जवळजवळ नाही, आणि मुख्य म्हणजे जोड लपवायचा नाही, उलट दाखवायचा. आपल्याकडे चांगला सुतार कोण, तर ज्याचा जॉइंट दिसत नाही तो. पुट्टी, पट्टी, वरून मायका, काम खल्लास. इथे टेबलाच्या पायातून आडव्या पट्टीचं टोक आरपार बाहेर येतं आणि ते तसंच ठेवायचं असतं, म्हणजे चूक झाली की ती आयुष्यभर पाहुण्यांना दिसणार.

पहिले पाच शनिवार आम्ही काय केलं माहितीये? धार लावली. पटाशीला (लाकडाची छिन्नी) धार, रंध्याच्या पात्याला धार, परत पटाशीला. बॅचमधले दोघं तिसऱ्या शनिवारनंतर आलेच नाहीत. शिकवणारे सर इंजिनीअर आहेत, बोलतात छान, पण धार शिकवायला एक मिस्त्री काका आहेत, पिढीजात सुतार, आणि खरं सांगायचं तर क्लास त्यांच्यामुळे चालतो. पात्याची मागची बाजू आधी आरशासारखी सपाट करा, मग पुढची, मग दगडावरून ओढल्यावर धारेला जी बारीक तार येते ती बोटाला लागली पाहिजे आणि मग ती काढून टाकायची. सागात सिलिका (वाळूतला कठीण पदार्थ) असते त्यामुळे सागावर धार लवकर बसते, म्हणजे बोथट होते, हे मला कंपनीत टूल वेअर, म्हणजे हत्यारांची झीज, रोज बघूनसुद्धा हाताला कळायला महिना लागला. काका सांगत होते की त्यांचे वडील जमिनीवर बसून काम करायचे, पायाच्या पंजात लाकूड धरून, बेंच-बिंच काही नाही. आमच्याकडे मात्र बेंच आहेत, आणि ते उंच पुरुषांच्या मापाचे आहेत. मी घरून बसायचा पाट नेला आणि त्यावर उभं राहून रंधा मारते, आता तिथे माझ्याबरोबर अजून दोघींचे पाट आहेत.

मग आला खरा विषय, आरपार सांधा. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसेल असं कुसू (काकांचा शब्द, सर टेनन म्हणतात). रेष पेन्सिलने नाही, सुरीने मारायची, म्हणजे पटाशीला टेकायला खाच मिळते. भोक एका बाजूने आरपार पाडायला गेलात तर पलीकडचं तोंड फुटतं, म्हणून दोन्हीकडून अर्धं अर्धं आत यायचं. कुसू करवतीने कापताना रेषेच्या बाहेरून चालायचं आणि शेवटचा केसभर पटाशीने घ्यायचा. मी आपली हुशारी करून व्हर्निअर घेऊन गेले आणि कुसू पाच शतांशात आणलं. काकांनी ते बघितलं, हसले आणि म्हणाले, ‘मॅडम, हे आजचं माप झालं. उद्या लाकूड बदलेल.’ मला तेव्हा राग आला होता.

यात माझी सगळ्यात महागाची चूक पण ऐका. कुसू आरपार गेलं की त्याच्या टोकाला चीर पाडून शिसवीची पाचर ठोकतात, त्याने ते भोकात फाकून घट्ट बसतं. ही पाचर टेबलाच्या पायातल्या लाकडाच्या नैसर्गिक रेषांना आडवी बसली पाहिजे म्हणजे ती रेषांच्या लांबीकडे दाबते आणि तिथे लाकूड ताकदवान असतं. मी ठोकली रेषांच्या दिशेने. चौथ्या ठोक्याला टर्रकन आवाज आला आणि माझ्या टेबलाचा पाय वरपासून हातभर चिरला. सर त्या आधीच्या आठवड्यात हे सांगून गेले होते म्हणे, मी त्या शनिवारी ऑडिटमुळे गेले नव्हते, आणि राहिलेलं कोणी परत सांगत नाही. ही एक मोठी तक्रार धरा.

तो पाय जुन्या लाकडाचा होता म्हणून जास्त जीवावर आलं. नाशकात जुने वाडे पडतायत, त्यांच्या तुळया आणि खांब वखारीत येतात, असा एक तुळईचा तुकडा आम्ही तिघांनी मिळून घेतला. काळपट, वरून अगदी भंगार दिसतं, पण रंधा मारला की आतून मधासारखा साग आणि तो वास. इतकी वर्षं सुकलेलं असल्यामुळे सहसा वाकत नाही. पण आधी लोहचुंबक फिरवून घ्या, माझ्या एका पटाशीची धार आतल्या खिळ्याने खाल्ली आणि ती परत आणायला पूर्ण शनिवार गेला.

लाकडावरून आठवलं, स्टिकलीचं फर्निचर फोटोत बघितलं तर ओकवर चमकदार आडवे पट्टे दिसतात, ते ओंडका एका विशिष्ट पद्धतीने, केंद्राकडून बाहेरच्या दिशेने कापला की दिसतात. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना तसं सागात हवं होतं. सागात ते तसं येतच नाही, कसंही कापा, आणि हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, लोक सागाचे पैसे भरून बसल्यावर नाही. गंमत म्हणजे सिल्व्हर ओकमध्ये येतं, जे बांधावर आणि बंगल्यांच्या कंपाउंडला सरळसोट उभे असतात ते. नावात ओक असलं तरी ते मुळात ऑस्ट्रेलियाचं झाड, खऱ्या ओकशी नातं नाही, पण फळी तशी कापली की जाळीसारखी नक्षी दिसते. एकाने त्याची फोटोफ्रेम केली, आम्ही सगळे सागवाले जळलो.

रंगाचंपण तसंच. ओकमध्ये टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असतं, स्टिकलीकडे तयार फर्निचर बंद जागेत अमोनियाच्या वाफेत ठेवायचे, त्याने लाकूड आतून तपकिरी होतं. तो कडक अमोनिया डोळ्याला आणि फुफ्फुसाला वाईट, सरांनी करू दिलं नाही, योग्यच केलं. त्याऐवजी व्हिनेगरमध्ये लोखंड भिजवून ते पाणी लावायचा प्रयोग केला. मी घरची भांड्यांची तारेची घासणी टाकली, तीन दिवस काही नाही, मग डोक्यात प्रकाश पडला की ती स्टेनलेस आहे. क्वालिटीवाली बाई! गंजके खिळे टाकले तर बाभळीचा तुकडा पाच मिनिटांत काळाभोर, कारण बाभळीत टॅनिन भरपूर, चामडं कमवायला तिची साल वापरतात ती उगीच नाही. सागावर नुसते करडे डाग पडले. मग मी टेबलाला गुपचूप डबल बॉइल जवसाचं तेल लावलं, तीन हात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा. हे शेडमध्ये भिंतीवर लिहिलेलं आहे, कौतुक करायला हवं.

आता टेबल. एप्रिलमध्ये वरची फळी जोडली, साग तेलकट असतो म्हणून आधी कडा थिनरने पुसल्या आणि मग गोंद, रुंदी बरोब्बर ४५० मिलिमीटर. फळी खालच्या फ्रेमला स्क्रूने आवळायची नाही, खोबणीत सरकणारी छोटी लाकडी बटणं लावायची. मला ते उगाच नखरे वाटले होते. जुलैत पाऊस सलग लागला, मी सवयीने व्हर्निअर लावला तर फळी साडेतीन मिलिमीटर रुंद. तेल लावलेली असूनसुद्धा! लांबी मात्र होती तेवढीच. स्क्रू मारले असते तर फळी वाकली असती, आणि कडक उन्हाळ्यात बनवून आधीच स्क्रूने आवळलेली एकाची बेंच खरंच टोपीसारखी वर आली. काकांचं ‘उद्या लाकूड बदलेल’ तेव्हा कळलं. ड्रॉवर मात्र अडकलाच, तो मी एप्रिलमध्ये फार हौसेने टाइट बसवला होता, आता रंधा न मारता दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलंय.

तक्रारी सलग लिहून टाकते. बारा जण आणि बेंच पाच. मशीनची करवत दीड महिना बंद, तोपर्यंत जाड लाकूड हाताने चिरलं, खांदा गेला. धुळीसाठी काहीही सोय नाही, सागाच्या भुशाने मला शिंका आणि मनगटावर पुरळ आलं, मास्क आपापला न्या. वारंवार लागणारी तीन हत्यारं, म्हणजे एक चांगली पटाशी, गुण्या (काटकोन तपासायला) आणि बारीक दाताची करवत, स्वतःची घ्यावीच लागतात, त्याचे साडेचार हजार. लाकूड, चिरलेला पाय धरून, अकरा हजार. इतिहासाचे तास म्हणजे नेटवरचे फोटो पडद्यावर. मला जे सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं त्यावर कोणी बोललंच नाही, की मॉरिसला सुंदर वस्तू सामान्य माणसाच्या घरात हव्या होत्या आणि हाताने केल्यामुळे त्या इतक्या महाग झाल्या की घेतल्या श्रीमंतांनी. स्टिकली मशीन वापरायचा तरी १९१५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मी माझे तास वहीत लिहिले होते, त्या एका टेबलाला ७१ तास. त्यावर फी, लाकूड आणि हत्यारं धरली तर नाशकातल्याच द्वारका भागातल्या दुकानातून अख्खा सोफासेट आला असता, आणि नवरा हे दर शनिवारी न चुकता सांगतो.

त्यामुळे घरात फर्निचर हवंय म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. हौस म्हणून दोन महिने बघते असंही नको, दोन महिन्यांत हातात फक्त धार लावलेली पटाशी येते. पण आपल्या हातचं काम उघडं ठेवायची ज्यांना सवय नाही (मला नव्हती, मी ऑफिसात लोकांच्या चुका शोधते, माझी कोणी शोधत नाही), त्यांनी किमान सहा महिने काढा, आणि एकही शनिवार बुडवू नका. मी सहा महिन्यांनंतर महिन्याच्या फीवर चालू ठेवलाय. आता मॉरिस चेअर करतेय, पाठ मागे-पुढे करता येते ती. मॉरिसने ती डिझाइन केलीच नव्हती, १८६० च्या दशकात ससेक्समधल्या एका सुताराकडची जुनी खुर्ची बघून मॉरिसच्या कंपनीने बनवायला घेतली, नाव मात्र मॉरिसचं चिकटलं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘त्यात काय नवीन?’

टेबल घरी आलं त्या दिवशी सासूबाईंनी चष्मा लावून चारी बाजूंनी बघितलं. त्यांचं माहेर पंचवटीतल्या वाड्यातलं, लाकूड त्यांना कळतं. पायातून बाहेर आलेल्या कुसावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘अगं, हे टोक बाहेर राहिलंय, तासून घे ना, नाहीतर पट्टी तरी मार वरून.’ मी म्हटलं आई, ते मुद्दाम ठेवलंय, तेच तर शिकायला आठ महिने गेले. त्यांनी मान डोलावली, पटलं नाही ते दिसत होतं. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या की यंदा गणपती याच टेबलावर बसवू, उंची छान आहे. मला एकदम भरून आलं. मग कळलं की टेबलाला चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सॅटिनची झालर लावायचा बेत आहे. सध्या आमची बोलणी चालू आहेत, मी झालर निदान कुसाच्या वर चार बोटं संपेल एवढी आखूड शिवा म्हणतेय.