थॅम्नोलिया या ध्रुवीय दगडफुलाचा नमुनासंच: वापरानंतरचा अभिप्राय

ठाण्यातील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवताना दगडफूल म्हटले की विद्यार्थ्यांना गोड्या मसाल्यातले करडे-काळपट तुकडेच आठवतात, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी थॅम्नोलिया व्हर्मिक्युलॅरिस या ध्रुवीय प्रदेशातील आणि उंच पर्वतांवरील जातीचे तीन वाळवलेले नमुने नौपाड्यातील घरी मागवले. ते उत्तर स्वीडनमधील अबिस्को परिसरातील डोंगरांवरून गोळा केलेले आहेत.

दगडफुलाचे नमुने बहुधा कागदावर डकवत नाहीत, दुमडलेल्या कागदी पाकिटात सुटे ठेवतात. पहिली दोन पाकिटे तशीच आहेत. आत दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, टोकाशी निमुळत्या होणाऱ्या पोकळ नळ्या आहेत. त्या पाहिल्यावर १७८१ मध्ये या जातीला 'अळीसारखे' अशा अर्थाचे लॅटिन नाव का मिळाले, ते लगेच पटते.

पहिल्या पाकिटातील नळ्या अजूनही पांढऱ्याशुभ्र आहेत, दुसऱ्यातील मात्र फिकट गुलाबी झाल्या आहेत. नमुना खराब निघाला, असे कोणी समजू नये. थॅम्नोलिक आम्ल असलेले नमुने साठवणीत कालांतराने असेच गुलाबी पडतात, तर स्क्वामॅटिक आणि बेओमायसेसिक आम्ले असलेले पांढरेच राहतात. अंधारात अतिनील टॉर्च धरला तेव्हा पहिले पाकीट पिवळसर-पांढऱ्या तेजाने उजळले आणि दुसरे मंदच राहिले. तो क्षण पाहायला वर्गातली मुले बाकांवरून उठून टेबलाभोवती आली. जिवंत असताना हे दोन्ही प्रकार एकाच जागी वाढू शकतात आणि नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे हा फरक शिकवायला जुन्या नमुन्यांइतके चांगले साधन मला माहीत नाही.

तिसऱ्या पाकिटाने मात्र निराशा केली. त्यातील नळ्या पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवल्या आहेत. त्या उलटून पाहता येत नाहीत आणि चाचणीसाठी तुकडा काढावा तर त्याबरोबर गोंदही येतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे लेबलवर तारीख आणि उंची नाही. ही जात मुख्यतः तुकडे मोडून पसरते. तिचा प्रसार समजून घ्यायचा तर प्रत्येक नमुना नेमका कुठे मिळाला, हीच नोंद हाताशी असते. तक्रार केल्यावर विक्रेत्याने तारीख कळवली, उंची अजून कळवलेली नाही.

पॅकिंग चांगले होते. तरीही ठाण्याच्या दमट हवेत ही पाकिटे सिलिका जेलसह हवाबंद डब्यातच ठेवावीत. मागवण्यापूर्वी तिन्ही नमुने सुटे आहेत का आणि लेबल पूर्ण आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दुसऱ्या संचाची मागणी नोंदवताना मी तसेच केले आहे.