इंजिन न उघडता सापडलेला दोष: दारव्ह्याजवळचे एक गॅरेज
माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकच्या नव्याने बांधलेल्या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना हवेवर पडणारा दाब) कमी येत होते आणि शहरातल्या वर्कशॉपने पिस्टनभोवतीच्या, दाब अडवणाऱ्या रिंगा नीट बसल्या नाहीत असे सांगून इंजिन पुन्हा उघडायला काढले होते. दारव्ह्याजवळच्या या गॅरेजातील मिस्त्रींनी आधी बॅटरी पूर्ण चार्ज केली, इंजिन गरम करून चारही प्लग काढले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजणी केली. तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या वर, तिसरा मात्र ९५. रिंगांतून गळती असेल तर ऑइल ती काही वेळ बुजवते आणि दाब बराच वाढतो; इथे त्यात चमचाभर ऑइल टाकूनही काटा जेमतेम १०० वर गेला, म्हणजे रिंगांचा दोष नव्हता. मग पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडली, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या माझ्या तळहाताला ती स्पष्ट लागली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) पूर्ण बसत नव्हता, कारण त्याचा गॅप, म्हणजे झडप आणि तिला दाबणारा भाग यांमधली फट, इतका घट्ट ठेवला होता की फट मोजायच्या फीलर गेजची बारीक पातीही शिरेना.

इंजिन थंड झाल्यावर गॅप लावला आणि काटा १६५ वर आला. वीज गेल्याने हवेच्या चाचणीसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले आणि आकडे लेखी मिळाले नाहीत, ते त्यांनी द्यायला हवेत. तरीही माझी गाडी मी आता इथेच आणीन.