आकाई एस २००० : नऊ महिने, बारा अक्षरं आणि एक 'टिंग'

वाड्यात आजोबा शेवटच्या घटका मोजतायत, मुंबईहून आलेला मुलगा दार लोटून आत येतो. दाराची कडी वाजायला हवी होती, मग लाकडाची लांबलचक करकर, मग शांतता. मी विंगेत बसून आकाईला जोडलेल्या कीबोर्डची की दाबली आणि थिएटरभर लिफ्ट आल्याचा 'टिंग' घुमला. पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, मागच्यांनी साथ दिली. आजोबांचं काम करणारा पोरगा तर खाटेवर तोंड भिंतीकडे करून गदगदत होता, लांबून वाटावं की उचकी लागली.

त्या रात्री मशीन विकायचंच ठरवलं होतं. विकलं नाही. का नाही, ते लिहितोय.

एस २००० काय आहे हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. १९९५चा रॅकमधला सॅम्पलर, म्हणजे मुद्रित आवाजांचे तुकडे (सॅम्पल) मेमरीत भरून की दाबून वाजवायचं यंत्र. १६ बिट, एका वेळी ३२ आवाज, समोर फ्लॉपी ड्राइव्ह, मागे बाहेरची डिस्क जोडायचं स्कझी. मला तो नऊ हजारात मिळाला. तो वाजवायला लागणारा एमआयडीआय कीबोर्ड घरात होताच. एकांकिकांना पार्श्वसंगीत देतो, आणि आधीच्या वर्षी लॅपटॉपने ऐन प्रयोगात अपडेट घ्यायला सुरुवात केल्यापासून मला असं काहीतरी हवं होतं, ज्याला इंटरनेट म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

आता टिंग कुठून आला ते. त्या दिवशी एकाच महोत्सवात आमच्या दोन एकांकिका होत्या, एक वाड्यातली, एक ऑफिसातली. या यंत्राची मेमरी वीज गेली की कोरी होते आणि भरलेली फ्लॉपी वाचायला मिनिटभर तरी खातं. मध्यंतरात फ्लॉप्यांचा पत्त्यांचा डाव नको म्हणून मी शहाणपणा केला, दोन्ही एकांकिकांचे प्रोग्रॅम, म्हणजे कुठल्या कीवर कुठला आवाज याच्या याद्या, आवाजांसकट सकाळीच एकामागोमाग लोड करून ठेवले. वाड्याच्या दाराच्या सॅम्पलचं नाव होतं डी-ए-आर, जागा सोडून १. ऑफिसच्या लिफ्टच्या दाराचंही तेच, कारण दोन्ही नावं मीच दिली होती आणि दोन्ही वेळा रात्रीचे दोन वाजले होते.

आकाईत प्रोग्रॅम, त्यात की-ग्रुप (एका आवाजाला दिलेल्या की), आणि की-ग्रुप सॅम्पलला ओळखतो तो फक्त नावाने. दुसरी काही खूण नाही. त्याच नावाचा दुसरा सॅम्पल मेमरीत आला की पहिला गेला. विचारत नाही, ओरडत नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले तर पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून विचारतो, "कुठले पाटील?" हा विचारत नाही, जुन्या पाटलाला घराबाहेर काढून नव्याला राहायला देतो.

कोणी म्हणेल मल्टी मोड वापर, त्यात वेगवेगळ्या चॅनेलवर वेगवेगळे प्रोग्रॅम वाजतात, सोळा पार्ट आहेत. वापरून पाहिला. चॅनेल वेगळे होतात, मेमरी तीच राहते. दार तेच.

बरं, नाव द्यायला जागा किती? बारा अक्षरं. इंग्रजी, तीही फक्त मोठ्या लिपीतली, शिवाय आकडे, रिकामी जागा आणि चारदोन चिन्हं. चाक फिरवत एकेक अक्षर शोधायचं. सॅम्पल स्टिरिओ असेल तर शेवटी डावा-उजवा दाखवायला दोन जागा जातात, उरल्या दहा. याचा खरा त्रास मराठी माणसालाच कळेल. तबल्याचे बोल भरायला घेतले. 'ता' म्हणजे टी-ए. 'तिरकिट'मधला 'ट' म्हणजेही टी-ए. एक उघडा, किनारीवर घुमणारा, दुसरा बंद, कोरडा. कागदावर आपण लहान-मोठ्या लिपीने फरक करतो, इथे लहान लिपीच नाही. परिणाम असा की माझ्या तिरकिटात दर वेळी शेवटी 'ता' घुमत होता, आणि मी तासभर फिल्टरला दोष देत बसलो होतो. टाळ आणि ताल यांचंही तेच झालं. पाऊल आणि पाऊस एका अक्षराने वाचले.

मध्येच फ्लॉपी ड्राइव्हने मान टाकली. दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने झाकण न उघडता "बोर्ड गेलाय" म्हणून साडेतीन हजार सांगितले, वर "हे भंगारात द्या, नवीन घ्या" असा सल्ला फुकट. मी म्हटलं झाकण तरी काढा. तो म्हणाला, काढायचे पाचशे. घरी आणून मीच काढलं. हेडवर धुळीचा थर होता, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसला आणि ड्राइव्ह परत घरघरायला लागला. त्या पाचशेची घरी चहाभजी केली.

पण फ्लॉप्याच मिळेनात. सोनीनेसुद्धा २०११ साली त्या बनवणं थांबवलं, जुन्या साठ्यातल्या दहात चार नासक्या निघतात. शेवटी गोटेक बसवला, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारी, पेनड्राइव्ह घेणारी डबी. त्यात फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर, म्हणजे डबी चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, सेटिंगच्या फायलीत होस्ट म्हणून आकाई लिहिलं आणि चाललं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की फ्लॉपीवाल्यांनो, मूर्ख आहात.

ते मत आता थोडं मागे घेतो. एका आकाई फ्लॉपीत १.६ एमबी मावतं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला मोनोचे जेमतेम १८ सेकंद. इतकी चिमूटभर जागा असली की माणूस प्रत्येक दाराच्या मागची शांतता कापतो, कुठला आवाज खरंच लागणार ते आधी ठरवतो. पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या आल्या आणि मी भांडी न घासता नवीन भांडी काढणाऱ्यातला झालो. तीन वेगवेगळ्या फ्लॉप्यांत पाऊस, तिन्हींचं नाव एकच. लिफ्टवालं प्रकरण गोटेक आल्यानंतरचं आहे, आधीचं नाही. फ्लॉप्या बदलायचा कंटाळा होता तोवर दोन एकांकिका एकत्र भरायचं मला सुचलंही नसतं.

मेमरी मात्र वाढवाच. मुळात २ एमबी असते, सुमारे २४ सेकंद. संगणक दुरुस्तीच्या दुकानात ड्रॉवरच्या तळाशी ७२ पिनांच्या जुन्या मेमरीच्या पट्ट्या होत्या, १६-१६ एमबीच्या दोन उचलल्या. ३२ एमबी म्हणजे सहा मिनिटांच्या वर मोनो. स्टिरिओला दुप्पट लागतं, पण आमच्या थिएटरात एक कण्हणारा आणि एक बरा असे दोन स्पीकर, तिथे दाराला स्टिरिओ कशाला? जागा वाचवायला २२.०५ किलोहर्ट्झवर सॅम्पल करायची सोय आहे. ढगांच्या गडगडाटाला फरक कळत नाही. पावसाला कळतो. वरची झिलई जाते आणि पाऊस शेजारच्या गल्लीत पडतोय असं वाटतं. एका नाटकात तेच हवं होतं, तेवढ्यापुरतं बरं.

एक गोष्ट मनापासून आवडली. प्लेबॅकचा प्रकार 'प्ले टू एंड' केला की की सोडली तरी आवाज संपेपर्यंत वाजतो. गडगडाट दाबला, बोट काढलं, पान उलटलं. लॅपटॉपवर माउस शोधत बसायचो. दोन ओळींचा डिस्प्ले मात्र छळतो. वीस आवाजांना वीस की-ग्रुप, प्रत्येकाची खालची की, वरची की, सॅम्पलचं नाव, आणि एका वेळी दिसतं मूठभर. पहिल्या महिन्यात यावरच चिडून लिहिणार होतो. आता बोटांना पाठ झालंय, डोळे फारसे लागत नाहीत.

टिंगनंतर जवळपास सगळ्यांची बारशी पुन्हा केली. आधी एकांकिकेची दोन अक्षरं, मग आकडा, मग वस्तू. वाड्याला व्ही-डी. 'व्हीडी०३', एक जागा, 'दारकडी' हे इंग्रजीत मोजून बारा भरतं. 'ट'ला टी-टी केलं, 'ता'ला टी-ए-ए. फक्त सॅम्पलचं नाव बदलून भागत नाही, प्रत्येक की-ग्रुपमध्ये जाऊन नवं नाव दाखवावं लागतं, नाहीतर की मुकी. मला तीन रविवार लागले. बायको म्हणाली, इतका विचार मुलाच्या नावाला केला नव्हता.

ज्यांना घरी बसून गाणी करायची आहेत त्यांनी यात पैसे घालू नयेत, डिस्प्लेमुळेच सोडून द्याल. रंगमंचावर ठराविक पंचवीस आवाज हुकमी वाजवायचे असतील तर नऊ हजारात मला दुसरं काही सापडलं नाही. माझी ऑफिसची एकांकिका पुढच्या रविवारी पुन्हा लागलीय, आणि तिच्या तीन फ्लॉप्यांवर अजून डी-ए-आर १च आहे. आज रात्री बसतो.