नळी-बाटली आणि कमरेचा माइक: शाळेचं एक सत्र वापरल्यानंतर

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. तेव्हापासून दिवाळीपर्यंत टिनाच्या छताखाली, दोन वर्ग एकत्र घेताना शिक्षकाचा आवाज बसू नये म्हणून या दोन्ही वस्तू वापरात आहेत: गळ्याच्या व्यायामासाठी पाण्याची बाटली नि नळी, आणि तोंडाशी माइक, कमरेला छोटा स्पीकर असा संच. पैसे एकीपुरतेच असतील तर आधी माइक घ्या.

नळी सिलिकॉनची घ्यावी, साधारण ३५ सेंमी लांब, आतून ९-१० मिमी रुंद. कागदी स्ट्रॉ लगेच मऊ पडतो. बाटली निम्मी भरून नळीचं टोक पाण्यात २ सेंमी बुडवायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि हलक्या आवाजात ‘ऊ’ लावायचा. आधी एका सुरात, मग खालून वर, वरून खाली. पहिल्या तासाआधी तीन मिनिटं, शाळा सुटल्यावर तीन. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: नुसती हवा फुंकली जाते. गळ्यावर बोट ठेवून पाहा, थरथर लागत नसेल तर व्यायाम झालाच नाही. टोक फार खोल गेलं की मानेच्या शिरा ताणतात. पाण्यामुळे तोंडात उलटा दाब तयार होतो, म्हणून स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटत नाहीत. थकलेला गळा त्यानेच मोकळा होतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, रात्र-रात्र गाणाऱ्या नटांनी प्रयोगाआधी हे जरूर करावं. पाणी रोज बदला, नळी साबणाने धुऊन टांगून वाळवा, नाहीतर आत बुरशी धरते.

मात्र व्यायाम आणि माहिती दिल्याने आवाजाचे त्रास टळतात, असं २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) दिसलं नाही. त्यात अभ्यासच दोन होते. उलट २००२ मध्ये अमेरिकेत, आवाज बिघडलेल्या शिक्षकांत, माइकवाल्यांना फरक पडला, आवाजाची पथ्यं नुसती शिकवलेल्यांना नाही. आमचाही कल त्यामुळेच माइककडे.

माइक तोंडाच्या कोपऱ्याशी, तीन-चार सेंमीवर ठेवा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’ला फटफट होते. स्पीकर माइककडे वळला की शिट्टी वाजते. लाइटीचा भरवसा नाही, रात्रीच चार्ज करा. टिनावर जोराचा पाऊस असेल तेव्हा मात्र माइकही पुरत नाही. त्या वेळी मुलांना लेखन द्यावं, ओरडू नये.

चार आठवड्यांवर घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. खर्रा (तंबाखू-सुपारी) किंवा बिडीची सवय असेल तर तेवढंही थांबू नका.