साडेसहाशेचा स्कॅनर, सात महिने आणि थ्रॉटलचं दुखणं

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. स्कॅनर म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीचे बिघाड वाचायच्या) सॉकेटात खोचून मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा तो निळा ठोकळा. ऑनलाइन साडेसहाशेला पडला.

गाऱ्हाणं आधी. याला बटण नाही! त्या सॉकेटाच्या सोळा नंबरच्या पिनेत किल्ली काढली तरी बॅटरीचा करंट असतो. ठोकळा तसाच विसरून दिवाळीत आठ दिवस गावी गेलो. परत आल्यावर किल्ली फिरवली, तर गाडी ‘टक’ म्हणाली आणि गप्प. बॅटरी चार वर्षांची होती हे खरं, पण शेजाऱ्यांना सकाळी सात वाजता जंपर केबल मागायची वेळ आली ती या ठोकळ्यामुळे.

आता तो घेतला कशासाठी ते. जुलैत सिन्नरला जाताना मोहदरी घाटात इंजिनचा दिवा लागला आणि पेडल मेलं. पाय तळाला, गाडी गोगलगाय. हल्लीच्या गाड्यांत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल नाही, नुसते सिग्नल. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली हे दोन सेन्सर सांगतात. दोघांचं जुळलं नाही की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, झडपेच्या मोटरचा करंट तोडतो, स्प्रिंग झडप किंचित उघडी ठेवते, आणि तेवढ्यावर रांगत जायचं. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून. कडेला घेतली, बंद करून चालू केली, तर जणू काही झालंच नाही.

सर्व्हिस सेंटरनं थ्रॉटल साफ केला, चौदाशे रुपये. तीन आठवडे गाडी लोण्यासारखी. मग नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीत पुन्हा तेच. आता उत्तर आलं, “साहेब, पूर्ण थ्रॉटल बॉडी बदला, साडेसतरा हजार.” माझी गाडी विकून किती येतील ते तरी विचारायचं होतं! बायको म्हणाली, “विकाच एकदाची.” त्या रात्री ठोकळा मागवला.

पहिले दोन महिने माझं मत वाईट होतं. बिघाडाचा कोड दाखवला पी २१३५, म्हणजे दोन सेन्सरचं जमत नाही. ते तर मला घाटातच कळलं होतं. रोज सकाळी कोड पुसायचा, संध्याकाळी तो परत हजर. एक स्टार देऊन मोकळा होणार होतो.

मत फिरलं नोव्हेंबरात. द्वारकेजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडे गेलो. त्यांनी इंजिन बंद, किल्ली ऑन ठेवायला सांगितली आणि ॲपमध्ये थ्रॉटलच्या दोन्ही सेन्सरचे आकडे लावायला लावले. मी पेडल हळूहळू दाबतोय, दोन्ही आकडे शहाण्यासारखे सरकतायत. चाचांनी थ्रॉटलवरच्या सहा वायरींच्या कनेक्टरला बोटानं जरासं हलवलं, आणि दुसरा आकडा थेट शून्य. सोडलं, परत आला. हलवलं, शून्य. त्यांनी कनेक्टर काढून त्याच्या एका घरात, म्हणजे पिन बसायच्या खाचेत, वेगळी सुटी पिन सरकवून दाखवली. बाकी पाच घरांत ती अडून बसत होती, या घरात काडेपेटीतल्या काडीसारखी आत-बाहेर.

तेव्हा कुठे त्या चौदाशेचा उलगडा झाला. थ्रॉटल साफ करायला कनेक्टर काढून परत बसवतात. सैल घरातल्या पिनेला तेवढ्यानं तात्पुरती पकड मिळाली, आणि श्रेय गेलं क्लीनरच्या स्प्रेला. साडेसतरा हजारांच्या नव्या बॉडीवरही कनेक्टर हाच जुना लागला असता.

भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा, वायरीच्या शेपटीसकट कनेक्टर साडेतीनशे. सोल्डरचा डाग देऊन, स्लीव्ह चढवून जोडायची मजुरी साडेपाचशे. चार महिने झाले, दिवा नाही. मोहदरी मुद्दाम दोनदा चढलो.

ठोकळ्याला आता चार स्टार. पाचवा त्या बटणासाठी अडवून ठेवलाय. बटणवाली एक्स्टेंशन वायर अडीचशेला मिळते, पण साडेसहाशेच्या वस्तूला अडीचशेचं बटण? सध्या उपसून डॅशबोर्डच्या खणात टाकतो.