स्प्रे, कॅमेरा, कुलूप की नुसता आवाज? सायकल काढलेल्या भाचीसाठी

भाचीने यंदा सायकल काढली. नागपुरात सुभाषनगर ते अमरावती रोडवरचं विद्यापीठाचं कॅम्पस, रोजचं जाणं-येणं. दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, रवीनगर चौकात एका पोट्ट्याने मुद्दाम कट मारला अन् वरून दात काढत गेला. माझ्याजवळ अडीच हजार आहेत. स्प्रे घेऊ का कॅमेरा?"

मी बारा वर्षांपासून त्रिमूर्तीनगरहून सदरला सायकलने कामावर जाते. या काळात जवळपास सगळंच विकत घेऊन पाहिलं, त्यातलं अर्धं कपाटात पडलंय. तिला फोनवर सांगितलं ते इथे जरा नीट लिहिते, कारण असं विचारणारी ती एकटी नाही.

कोणतीही वस्तू घेण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. ती वापरायला हँडल सोडावं लागतं का? आणि ती बाहेर काढली की भांडण मिटतं का पेटतं? दुकानदार हे दोन्ही सांगत नाही. तो रेंज सांगतो, बॅटरी सांगतो.

तिसरीही एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे समोरचा कोण आहे. ऑटोवाला सवारी पाहून अचानक डावीकडे दाबतो, त्याला तुम्ही दिसलेलाच नसता. बाइकवरचा पोट्टा खुन्नस म्हणून कट मारतो. तिसरा मागे मागे हळू चालवत काहीबाही बोलतो. आणि चौथा चार पायांचा असतो. पहिल्यावर स्प्रे काय मारणार? पण शंभरातले बहुतेक प्रसंग त्या पहिल्याचेच असतात, आणि खरेदी मात्र आपण तिसऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून करतो.

स्प्रे आणि कुलूप

मिरचीचा स्प्रे स्वस्त आहे, तीनशे-चारशेत येतो, लायसन्स लागत नाही. आमच्या भिवापुरी मिरचीच्या जिल्ह्यात त्याचं कौतुक ते काय, असं वाटायचं. मग एप्रिलमध्ये गच्चीवर एकदा मारून पाहिला. लिंबाच्या झाडाकडे तोंड करून बटण दाबलं, तेवढ्यात वारा फिरला. पुढची चाळीस मिनिटं मी नळाखाली होते, आणि सासूबाईंनी वाळत घातलेले सांडगे त्या वर्षी मसाला न घालताच तिखट झाले.

तेव्हा कळलं की स्प्रेमध्येही प्रकार असतात. फवाऱ्यासारखा पसरणारा वाऱ्यावर उलटतो. सरळ धार मारणारा किंवा जेलचा त्या मानाने बरा, पण नेम लागतो. बहुतेकांचा पल्ला दोन-चार मीटरचा. चालत्या सायकलवर तुमचा स्वतःचा वेगच समोरून वारा आणतो, म्हणजे पुढे मारलेलं तुमच्याच चेहऱ्यावर. त्यामुळे स्प्रे वापरायचा तो थांबून, उतरून, वाऱ्याकडे पाठ करून. डोळ्यांत गेलाच तर चोळायचं नाही, गार पाण्याने भरपूर धुवायचं, आणि तेल-तूप काही लावायचं नाही.

नागपूरची म्हणून एक अडचण वेगळी आहे. अशा डब्यांवर पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात हवाच पंचेचाळीस-शेचाळीसला जाते, मग उन्हात उभ्या सायकलच्या काळ्या पाऊचमध्ये काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. पाऊचमध्ये ठेवू नका, अंगावरच्या बॅगेत ठेवा, आणि बाटलीवरची तारीखही बघा. दोन-तीन वर्षांनी दाब उतरतो.

कायद्याचंही सांगते, कारण "सेल्फ डिफेन्स आहे ना" म्हणत लोक बिनधास्त असतात. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढाच, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर तोही नाही. कट मारून निघून गेलेल्याचा सिग्नलवर पाठलाग करून स्प्रे मारला, तर तो बचाव राहत नाही, मारामारी होते. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका वादात स्प्रे वापरणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. जिवाला धोका नसताना स्प्रे वापरायला नको होता, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

आता कुलूप. जाड साखळीचं कुलूप आपल्या सगळ्यांच्याच सायकलला असतं, आणि हे हत्यारही आहे असा विचार प्रत्येकाच्या डोक्यात एकदा तरी येऊन जातो. माझ्या डोक्यात तो शंकरनगर ते लॉ कॉलेज चौक या टप्प्यावर आला.

संध्याकाळचे सात. एका बाइकवाल्याने इतका घासून कट मारला की त्याचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी ओरडले, जे ओरडले ते इथे लिहिता येत नाही. तो पुढे जाऊन थांबला, गाडी वळवली आणि राँग साइडने परत आला. "काय बोलली वं?" मी उतरले आणि सीटखालचं कुलूप काढून हातात घेतलं. साखळी मुठीतून लोंबत होती आणि तिची कडी हँडलवर टकटक वाजत होती. आवाज कशाचा येतोय हे कळायलाच दोन सेकंद गेले. माझा हात थरथरत होता.

त्याने कुलपाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. घाबरला नाही, खूश झाला. आता त्याच्याकडे कारण होतं. तो गाडीवरून उतरायला लागला तेवढ्यात फूटपाथवरचा संत्र्याचा रसवाला हातातलं फडकं घेऊनच पुढे आला. "काय झालं ताई?" एवढंच म्हणाला. मागोमाग दोन गिऱ्हाइकं आली. पोट्ट्याने दोन शिव्या दिल्या आणि गाडी काढली.

कुलूप कोणालाच लागलं नाही आणि कामही काहीच आलं नाही. काम आला तो रसवाला. तेव्हापासून थांबायची वेळ आलीच तर मी टपरी, मेडिकल, पेट्रोल पंप, जिथे चार माणसं आहेत तिथेच थांबते. त्याआधी पेडल मारतच राहायचं.

काठी, पाइप, चाकू हे सगळं मी कुलपाच्याच खात्यात टाकते, आणि वर आणखी एक भानगड आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनाला जे मनाई आदेश निघतात, त्यांत लाठ्या-काठ्या बाळगणंही येतं. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्समधून फ्रेमला सोटा बांधून जाऊन बघा, कोणकोण थांबवतं ते.

स्प्रे आणि कुलूप यांत एकच निवडायचं तर स्प्रे, कारण तो मारून पळता येतं. कुलूप मारायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलेलं कुलूप हिसकावून घेता येतं.

कॅमेरा आणि ११२

कॅमेऱ्याला हात लागत नाही, भांडणही सहसा पेटत नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांत तो पास होतो. नापास होतो तो किमतीत. बऱ्यापैकी ॲक्शन कॅमेरा अडीच हजारात येत नाही, आणि येतो त्यात संध्याकाळी नंबर प्लेटच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. जुना मोबाइल हँडलवर लावणं हा मधला मार्ग. कट मारणारा मागून येऊन पुढे जातो, त्यामुळे पुढे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात त्याची मागची पाटी येते. ती नाही आली तरी नंबर मोठ्याने बोलायचा. एम एच एकतीस, एम एच एकोणपन्नास, जे असेल ते, आणि गाडीचा रंग. आवाज रेकॉर्ड होतो. ही युक्ती कॅमेऱ्यापेक्षा मोलाची, कारण रागात नंबर दहा सेकंदांत विसरला जातो.

फक्त तो व्हिडिओ कापू नका, गाणं लावून स्टेटसला टाकू नका. पुरावा म्हणून द्यायचा तर मूळ फाइल लागते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र.

कॅमेरा घडून गेल्यावर उपयोगी, घडत असताना नाही. घडत असताना ११२, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. कोणी मागे लागलं, वाट अडवली, हात लावला, तर फोन करायला संकोच करू नका. वाट अडवणं हा न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, बेदरकार गाडी चालवणं कलम २८१ खाली, आणि बाईला उद्देशून घाणेरडं बोलणं, हावभाव करणं कलम ७९ खाली. पोलीस ठाण्यात "हद्द आमची नाही" असं ऐकायला मिळालं, तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद आता कायद्यातच लिहिलेली आहे. मला एकदा तासभर बाकावर बसवून ठेवलं होतं. मी कलमाचा आकडा सांगितल्यावर रजिस्टर उघडलं. जागा सांगताना "इथेच, रोडवर" म्हणू नका. चौक, दुकानाची पाटी, मेट्रोचं जवळचं स्टेशन सांगा.

आवाज, आरसा आणि जागा

आता ज्याबद्दल भाचीने विचारलंच नाही, ते.

हँडलच्या ग्रिपला लागून बटण असलेला इलेक्ट्रिक हॉर्न. अंगठ्याने दाबला जातो, हात सुटत नाही. आपली ट्रिंग ट्रिंग घंटी कारमध्ये काच लावून एसीत बसलेल्याला ऐकू जात नाही, हा हॉर्न जातो. ऑटोवाल्यावर हाच चालतो. मुख्य म्हणजे हॉर्नला शिवी देता येत नाही. तोंडाने ओरडलं की काय शब्द वापरला यावरून वाद होतो, हॉर्नवरून होत नाही. ओरडायचंच झालं तर मी आता "ओ दादा!" ओरडते. बारा वर्षांत "दादा"वरून गाडी वळवून परत कोणी आलेलं नाही.

आरसा उजव्या हँडलला लावायचा, कारण आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून होतो. मागे कोण लटकून चालवतंय हे मान न वळवता दिसतं. मागे वळून वळून बघणाऱ्या मुलीला त्रास देण्यात काहींना मजा येते. आरशात बघणारी कधी बघते ते त्यांना कळत नाही.

तिसरी गोष्ट जागा, तिला पैसे लागत नाहीत. नवीन माणूस भीतीने रस्त्याच्या अगदी कडेला, गिट्टीत चालवतो. त्याने कट कमी बसत नाहीत, जास्त बसतात, कारण मागच्याला वाटतं की जागा आहे, काढू गाडी. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चाललं की त्याला ठरवून बाजूने जावं लागतं. एखादा हॉर्न मारेल, मारू दे. चिंचोळ्या जागी, उभ्या गाड्यांजवळ तर नक्कीच आत राहायचं, नाहीतर कारचं दार उघडतं आणि आपण त्या दारात.

आणि रस्ता बदलणं. याला पळपुटेपणा समजतात, मी नाही समजत. गांधीनगरच्या आतल्या गल्ल्यांनी गेलं तर चार-पाच मिनिटं जास्त लागतात, पण मुख्य रोडवरची रेस टळते. फुटाळ्याची चौपाटी संध्याकाळी टाळा, तिथे बाइकवाले रस्ता बघायला येतच नाहीत. फारच उशीर झाला, कोणी मागे आहे असं वाटलं, तर सायकल घेऊन मेट्रोत चढता येतं. सुभाषनगरला स्टेशन आहेच.

चार पायांचे

सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, पहाटेची वेळ. चढावर कुत्र्याच्या पुढे कोणी पळू शकत नाही, आणि पळालं की तो आणखी मागे लागतो. उतरा, सायकल मधे घ्या, जाड आवाजात "हाड" म्हणा आणि हळूहळू चाला. बाटलीतल्या पाण्याची पिचकारी तोंडावर बसली की बहुतेक थबकतात. मिरचीचा स्प्रे इथे नको, लाथ तर मुळीच नको. लाथ मारताना मीच पडले होते. दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून सरळ मेडिकल किंवा मेयो, म्हणजे सरकारी दवाखाना गाठा. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि पुढचे डोस चुकवायचे नाहीत. हळद-चुना लावत बसू नका.

मग घ्यायचं काय

भाचीच्या अडीच हजारांचं आम्ही असं केलं: हॉर्न, आरसा, मागचा लाल दिवा. यात निम्मे संपले. उरलेल्यातून धारेचा स्प्रे, तो बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्याला, उजव्या हाताला सापडेल असा. कॅमेरा नाही. तिच्या बाबांचा जुना मोबाइल पडून होता, त्याचा स्टँड दीडशेत आला.

तिच्या जागी हिंगणा एमआयडीसीतून रात्रपाळी करून परतणारा कोणी असता, तर मी स्प्रेच्या आधी दिवे आणि कॅमेरा म्हटलं असतं, आणि एकटा येऊ नको, शिफ्टमधले दोघं-तिघं मिळून निघा म्हटलं असतं. रविवारी फेटरीकडे ग्रुपने जाणाऱ्यांना हॉर्न आणि पाण्याची बाटली पुरते. तीस जणांच्या घोळक्याला कोणी कट मारत नाही. उलट तेच कधीकधी पूर्ण रोड अडवून गप्पा मारत चालवतात, आणि मागच्या एसटीवाल्याचा राग सोमवारी माझ्यावर निघतो.

स्प्रे नुसता बाळगून चालत नाही, एकदा मारून बघावा लागतो. रविवारी भाची त्यासाठी आमच्याकडे येणार आहे. सासूबाईंनी विचारून घेतलंय, किती वाजता, म्हणजे पापड आधी आत घेता येतील.