जुन्या स्प्लेंडरचा क्लच, आठ महिन्यांनी

बाबांची 1998 ची स्प्लेंडर. नंबर बडोद्याचा, जीजे-6, टाकीवर अजून ‘हिरो होंडा’. ती जोडी फुटून जमाना झाला, गाडी मात्र रोज दांडिया बाजार ते मकरपुरा जाते-येते.

दुखणं असं: चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडायचं, काटा जागचा हलायचा नाही. लालबागच्या पुलावर डबलसीट असलो की स्कूटरवाल्या काकू शांतपणे पुढे निघून जायच्या. केबल आधी तपासली. लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर खेळ लागतो, तो होता. म्हणजे रोग आतला, क्लचच घसरत होता.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी एका मेकॅनिककडून नुसत्या क्लच प्लेटा बदलून घेतल्या होत्या. स्प्रिंगा जुन्याच. “चालसे,” तो म्हणाला, मीही मान डोलावली. चाललं ते गणपतीपर्यंत. विसर्जनाच्या संध्याकाळी सूरसागर तलावाच्या बाजूला अडकलो, तासभर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून मुंगीच्या पावलांनी. घरी पोचलो तेव्हा इंजिनापाशी करपट वास. उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, क्लच पुन्हा घसरायला लागला.

मग जानेवारीत मावसभावाला बोलावलं, तो जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर असतो. अंगणात गाडी उभी केली. तेल काढलं, किक आणि फूटरेस्ट सोडवली, उजवं कव्हर उघडलं. चार स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे, एकच पूर्ण काढला तर प्लेट तिरकी बसते. मधल्या खाचांच्या नटाला वेगळा पाना लागतो. छिन्नी-हातोडीने तो नट काढणारे पाहिलेत, तसं करू नका.

आतलं दृश्य बघण्यासारखं होतं. पकड धरणाऱ्या फ्रिक्शन प्लेटांचे खण जवळजवळ सपाट झालेले आणि त्यांच्या मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळसर डाग, तव्यावर पडतात तसे. भावाने खिडकीची जुनी काच मागवली, तिच्यावर एकेक स्टील प्लेट ठेवून बोटाने दाबली. दोन प्लेटा डुगडुगल्या. “दादा, या वाकड्या आहेत. नव्या फ्रिक्शन प्लेटा यांच्यावर बसवल्या म्हणून तर तीन महिन्यांत गेल्या.” जुनी स्प्रिंगही नवीच्या शेजारी उभी केली, तर चांगलीच बुटकी.

तेव्हा या वेळी सगळंच घेतलं: फ्रिक्शन आणि स्टील प्लेटा, चारही स्प्रिंगा, गॅस्केट. कंपनीचाच माल, तेलासकट चौदाशेच्या आत. प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच करपू शकतात. जुनं गॅस्केट खरवडण्यात मात्र अख्खी सकाळ गेली, तेवढ्या वेळात आईचा दोनदा चहा झाला. कव्हर उघडलंच होतं म्हणून क्रँकच्या टोकावरचा तेलाचा फिरता फिल्टरही खोलला. आत काजळासारखा चिकट गाळ! तीन स्क्रूंचं काम, पण एवढ्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

तेल 10डब्ल्यू-30, डब्यावर ‘जासो एमए’ (तेलात फिरणाऱ्या क्लचला चालणाऱ्या मोटरसायकल तेलाची खूण) बघून घेतलं. या गाडीचा क्लच तेलातच फिरतो. मोटारीचं ‘फ्रिक्शन मॉडिफायर’वालं निसरडं तेल घातलं तर नव्या प्लेटाही घसरू शकतात.

आता आठ महिन्यांचा हिशोब. पुलावर डबलसीट चौथ्यात चढते. मे महिन्यात बायकोला घेऊन पावागढला माचीपर्यंत गेलो, वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये एकदाही इंजिन रिकामं ओरडलं नाही. केबल दोनदाच ताणावी लागली, दोन्ही वेळा पहिल्या महिन्यात. यंदा विसर्जनाला शहाणपणा केला: गर्दी थांबली की न्यूट्रल, लिव्हर दाबून उभं राहायचं नाही. वास आला नाही.

तक्रार एकच उरली आहे. क्लच आऊटरच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या, बोटांना प्लेटांनी खाचा पाडल्यात. भावाने कानस मारून त्या थोड्या सपाट केल्या, पण तो म्हणालाच होता, “जास्त घासलं तर प्लेट आत नाचेल.” त्यामुळे सिग्नलला सुटताना हलकासा ‘खट्’ आणि एक झटका अजून येतो. बाबांना ऐकू येत नाही, मला येतो. नवा आऊटर दिवाळीनंतर, बोनस हातात पडला की.